पोल वाकतोय पण तुम्ही वर जात नाही? पोल व्हॉल्टमधल्या (बांबू उडीतल्या) या चुका टाळा

कोल्हापूरच्या पोरांच्या हातात ताकदीला तोटा नाही, पण तालमीत दोर चढलेलं पोरगं पोल हातात आला की पहिल्या दिवसापासून तो वाकवायलाच बघतं, आणि सगळा घोळ इथनंच सुरू होतो. पोल दंडाच्या जोरावर वाकवायचा नसतो, तो पळण्याच्या वेगानं वाकतो. पोल म्हणजे पतसंस्था समजा. रनअपचा वेग तिथं ठेव म्हणून टाकायचा आणि पोल सरळ होताना उंचीच्या रूपात काढून घ्यायचा. ठेवच टाकली नाही तर काढणार काय?

हिशोब साधाय बघा. सेकंदाला किती मीटर पळता त्या आकड्याचा वर्ग करा आणि १९.६ नं भागा, म्हणजे निव्वळ वेगातून किती उंची निघू शकते ते कळतं. ८ मीटरला साधारण ३.२७ मीटर, ८.५ ला ३.६९. वेग अर्ध्या मीटरनं वाढला तर उंचीत ४० सेंटिमीटरच्या वर फरक पडतोय! उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य आधीच मीटरभर वर असतो ती भर वेगळी, आणि पोल बॉक्समध्ये, म्हणजे टोक टेकवायच्या खाचेत आदळताना थोडी ऊर्जा वाया जाते ती वजा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला स्वीडनचा पोल व्हॉल्टर ड्युप्लांटिस ६.२५ मीटर गेला, तर लोकं त्याचं हवेतलं वळणंच बघत बसतात, त्याचं पळणं कुणी बघत नाही. म्हणून शेवटच्या चार पावलांत बॉक्स बघून ब्रेक मारणं ही सगळ्यात महागडी चूक.

दुसरी चूक म्हणजे टेकऑफचा पाय आत पडणं, आणि ही जवळजवळ सगळ्यांची असते. मोबाईल बाजूला लावून व्हिडिओ काढा, पाय जमीन सोडायच्या क्षणी थांबवा आणि वरच्या हातापासून सरळ खाली रेघ ओढा. रेघ टेकऑफच्या पायाच्या बोटांवर यायला पाहिजे. पाय त्याच्याही पुढं, बॉक्सकडं गेला असेल तर तुम्ही उडी मारायच्या आधीच पोल वाकायला लागतो, खांद्याला आणि कमरेला हिसका बसतो आणि पोलात जायची ऊर्जा अंगातच जिरते. कंबर दुखते म्हणून बाम चोळत बसणाऱ्यांनी आधी हे तपासा. उपाय म्हणून नुसती सुरुवातीची खूण मागं सरकवून भागत नाही, कारण गडबड बहुतेकदा मधेच झालेली असते, पावलं लांब टाकली किंवा छोटी केली. टेकऑफच्या सहा पावलं आधी एक खूण करा आणि कोचला तिथं उभं करा.

खालच्या हातानं पोल ढकलणं पण बंद करा. पोल वाकलेला झकास दिसतो, फोटो पण भारी येतो, पण छाती मागं राहते आणि झोका मरतो. त्यापेक्षा दोन्ही हात उंच ठेवून वरच्या दिशेनं उडी मारा. पोलचा जमिनीशी कोन जितका मोठा, तितकी प्लान्टमधली, म्हणजे पोल बॉक्समध्ये टेकवतानाची ऊर्जेची गळती कमी. मागचा पाय लांब ठेवूनच झोका घ्या, त्या झोक्यात तुमचे स्नायू पोलात आणखी ऊर्जा घालतात. लगेच गुडघे पोटाशी घेतले तर ती भर गेलीच. कंबर वर जायच्या आत पोल सरळ झाला तर तुम्ही वर न जाता आडवे क्रॉसबारवर फेकले जाता. पावसाळ्यात आपल्याकडं रनवे ओला आणि हात घामट, तेव्हा बाहेर जीव धोक्यात घालण्यापेक्षा आत दोराला लटकून हाच झोका पक्का करा.

आता पोलचं. हवेत मधेच थांबून परत रनवेवर येत असाल तर पोल कडक आहे किंवा ग्रिप, म्हणजे पोलवरची हाताची पकड जास्त वर आहे, ग्रिप खाली घ्या. मॅटच्या पार मागच्या टोकाला जाऊन पडत असाल तर पोल मऊ पडतोय, पुढचा कडक घ्या. पोलवर लिहिलेल्या वजनापेक्षा तुमचं वजन जास्त असेल तर तो पोल शिकाऊंनी उचलायचाच नाही, मित्राचा असला तरी. आणि पोलवर खोल ओरखडा दिसला तर तो कोचला दाखवल्याशिवाय वापरू नका, वाकल्यावर नेमका तिथंच तुटतो.