टोक बघा, मग नाव विचारा

"घरासाठी कुठलं लाकूड चांगलं?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, ते लावणार कुठे? छताच्या तुळईला, दाराच्या चौकटीला, की पावसात उभ्या राहणाऱ्या खांबाला? या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि झाडाचं नाव त्या उत्तराचा छोटासा भाग असतो.

मी बांधकाम अभियंता. तुळईचं गणित कॉलेजात शिकले. लाकूड वाचायला मात्र पहिल्या साइटवरच्या सुतार मिस्त्रींनी शिकवलं. माल उतरत होता आणि मी हातातल्या यादीत जातीची नावं ताडून पाहत होते. ते म्हणाले, "ताई, नाव मागनं विचारा. आधी टोक बघा."

टोक म्हणजे करवतीनं कापलेला आडवा छेद. त्यावरची वर्षवलयं दिसत नसतील तर थोडं पाणी फिरवा, लगेच उठून दिसतात. पहिली गोष्ट बघायची ती रंग. सागासारख्या झाडात बाहेरचा फिकट पट्टा म्हणजे रसकाष्ठ, आतला गडद भाग म्हणजे गाभा. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. सागाचं नाव कितीही मोठं असलं तरी सागाच्या रसकाष्ठालाही वाळवी आणि बुरशी लागते. म्हणजे 'साग आहे' एवढं ऐकून पैसे मोजणारा माणूस अर्धंच ऐकतो. स्प्रूससारख्या काही जातींत मात्र गाभा आणि रसकाष्ठ यांच्या रंगात फरक दिसत नाही. तिथे टिकाऊपणा गृहीत धरायचाच नाही.

हार्डवूड आणि सॉफ्टवूड या नावांनीही पुष्कळ घोटाळा होतो. ही वर्गवारी कडकपणाची नाही, झाडाच्या कुळाची आहे. रुंद पानांची, फुलं येणारी झाडं हार्डवूडमध्ये; चीड, देवदार, स्प्रूस ही सूचिपर्णी सॉफ्टवूडमध्ये. या हिशेबानं नखानं दबणारं बाल्सा हार्डवूड ठरतं, आणि यू नावाचं चिवट, जड सूचिपर्णी झाड सॉफ्टवूड. जगभर घरांचे सांगाडे बहुतांशी सॉफ्टवूडचेच उभे राहतात, कारण ती झाडं सरळ वाढतात, वजनाच्या मानानं भार चांगला पेलतात आणि खिळा सहज घेतात.

आता वलयांची दिशा. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत ते जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे साधारण 3 ते 5 टक्के, आणि वलयाच्या गोलाईच्या दिशेनं 6 ते 10 टक्के. लाकडाचं वाकणं, पिळणं, चिरणं बहुतेक या फरकातून येतं. फळीच्या टोकावर वलयं आडव्या कमानीसारखी दिसली तर सुकताना ती कमान सरळ व्हायला बघते, आणि फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. वलयं उभी दिसली तर फळी स्थिर राहते. जमिनीच्या तक्तपोशीला आणि दारांना मी तीच वेचून ठेवते. ज्या तुकड्यात झाडाचा मध्यबिंदूच आलाय तो चिरणारच. जाड खांबात अशी उभी भेग चालते, सांध्यात शिरली नाही म्हणजे झालं.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो ओलाव्याला. ताज्या लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं जातं तोवर मापात काही फरक पडत नाही. ओलावा 28 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि आकसणं सुरू होतं. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर खात्रीची पद्धत अशी: टोकापासून निदान 300 मिमी आत जाऊन (टोक आधीच सुकलेलं असतं) 25 मिमी जाडीची चकती कापा, लगेच वजन करा. मग 103 अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. कमी झालेल्या वजनाला कोरड्या वजनानं भागा. ओली चकती 250 ग्रॅम आणि कोरडी 200 ग्रॅम भरली तर ओलावा 25 टक्के. भागायचं कोरड्या वजनानं, ओल्या नव्हे. इथे चुकणारे अभियंते मी पाहिलेत. रसायन मुरवलेल्या लाकडाची चकती मात्र भट्टीत घालू नका.

हे सगळं मला कळत होतं, तरी एकदा मुदत जवळ आली म्हणून मी ओल्याच तुळया चढवायला होकार दिला. मिस्त्री नको म्हणत होते. 240 मिमी उंचीच्या तुळया होत्या. पहिल्या कोरड्या ऋतूत त्या उंचीला जवळजवळ 10 मिमी आकसल्या. भिंतीची पट्टी जागेवर राहिली, जमीन खाली गेली, मध्ये बोट जाईल एवढी फट. वर ओल्या लाकडावर भार ठेवून ते तसंच सुकलं की त्याला कायमचा बाक येतो, तो वेगळाच. छताच्या प्लास्टरला तुळईगणिक एक चीर पडली होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यानं जास्तच झोंबलं.

उघड्यावर सुकवायचं तर इंचभर जाडीला साधारण एक वर्ष असा जुना अंदाज आहे. भट्टीत तेच काम आठवड्यांत होतं. थर लावताना मध्ये एकाच जाडीच्या रिपा, एकावर एक ओळंब्यात, टोकांना रंग किंवा मेण. टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं जातं, म्हणून टोकं आधी तडकतात.

भारासाठी लाकूड निवडताना प्रतवारी बघा. युरोपात सी16, सी24 असे शिक्के असतात. आकडा म्हणजे वाकण्यातली ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. शिक्का नसेल तर गाठी आणि लाकडाच्या धाग्यांच्या रेषा बघा. तुळईच्या मधल्या भागात, खालच्या कडेला मोठी गाठ नको, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. रेषा तिरप्या उतरत कडेबाहेर पडत असतील तर ते लाकूड तुळईला नकोच. मग तुळई डोळ्यासमोर धरून कडेवरून नजर टाका. थोडी कमान असतेच. ती कमान वर ठेवून बसवा.

आणि उभी बसवा! 50×200 ची तुळई आडवी टाकली तर उभीच्या मानानं ताकद चौथा हिस्सा उरते आणि ताठपणा सोळावा. ताकद उंचीच्या वर्गानं वाढते, ताठपणा घनानं. नळ आणि वायरवाल्यांनी खाच मारायच्या आधी हे त्यांना सांगा. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत जमिनीच्या तुळईला मधल्या एक तृतीयांश भागात खाच मारायची परवानगीच नाही. इतरत्र मारली तर उंचीच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत. भोक पाडायचं तर उंचीच्या मधोमध, कडांपासून दूर.

मापाच्या नावावर जाऊ नका. उत्तर अमेरिकेत 'दोन-बाय-चार' म्हणून विकलं जाणारं लाकूड प्रत्यक्षात 38×89 मिमी भरतं, कारण नाव कच्च्या मापाचं आणि माल सुकवून रंधलेला. याच बारीक लाकडानं बांधकाम बदलून टाकलं. पूर्वी जाड खांब-तुळया, खाच आणि कुसूचे (खाचेत बसणाऱ्या टोकाचे) सांधे, आणि ते करायला तयार हात लागत. यंत्राच्या करवती आल्या, खिळे स्वस्त झाले, आणि 1830च्या दशकात शिकागोत बारीक उभ्या दांड्यांचा खिळे ठोकलेला सांगाडा रूढ झाला. त्यातले दांडे दोन मजले सलग जात, त्यामुळे आग पोकळीतून सरळ वर चढे. पुढे मजल्यागणिक सांगाडा तोडायची पद्धत आली, ती यासाठीही.

खांब कधीही जमिनीत पुरू नका. नॉर्वेतल्या सुरुवातीच्या लाकडी चर्चचे खांब मातीत रोवलेले होते, ते कुजले. नंतरच्या कारागिरांनी दगडावर आडवी तुळई ठेवून तिच्यावर खांब उभे केले. 1180च्या आसपासचं बोरगुंडचं चर्च आजही उभं आहे. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या पॅगोड्याचा मधला खांब ज्या झाडाचा आहे ते 594 साली तोडल्याचं वर्षवलयांवरून निघालं. पुढे आलेली पाखं भिंती कोरड्या ठेवतात, हेही तिथून उचलण्यासारखं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. व्हेनिस शहराखाली रोवलेले लाकडी खुंट सदा पाण्यात असून टिकले, कारण चिखलात बुरशीला प्राणवायू नाही. वाईट असतं ते ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. म्हणून खांबाखाली लोखंडी बूट, आणि भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाभोवती हवेला जागा.

तरीही ओल टळत नसेल तर दाबानं रसायन मुरवलेलं लाकूड घ्या. तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली तयार केलं आणि ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिकमुळे पुढे अनेक देशांनी घरगुती वापरातून ते काढलं. असं जुनं हिरवट लाकूड सापडलं तर चुलीत घालू नका. नवं घेतलंत तर कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा रसायन लावा, कारण ते गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं.

मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, असेल तर अखंड तुळईचा हट्ट सोडा. पातळ फळ्या चिकटवलेल्या तुळईचं पेटंट जर्मनीतल्या ऑटो हेट्झरनं 1906 मध्ये घेतलं. आडव्या-उभ्या थरांचे जाड तक्ते 1990च्या दशकात ऑस्ट्रियात पुढे आले. नॉर्वेतली 2019 ची म्योस्टॉर्नेट ही लाकडी इमारत 85.4 मीटर उंच आहे. आगीची भीती सगळेच विचारतात. जाड लाकूड मिनिटाला साधारण 0.7 मिमी कोळसा होत जळतं आणि आतला भाग बराच वेळ भार पेलतो. गणित त्या उरलेल्या मापावर करायचं.

शेवटचं काम बांधून झाल्यावरचं आहे, आणि ते कोणीच करत नाही. पहिला कोरडा ऋतू गेला की पाना घेऊन वर चढा आणि सांध्यांचे नट आवळा. ओल्या तुळयांच्या त्या घरात मी चढले तेव्हा अर्धे नट बोटानं फिरत होते.