जुना कॉम्प्युटर घरी कामाला लावताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कंपन्या ठराविक वर्षांनी ऑफिसचे कॉम्प्युटर बदलतात आणि ते जुने सीपीयू मग दुकानांतून, नाहीतर ओळखीपाळखीतून, स्वस्तात घरोघरी पोचतात. माल बहुतेक वेळा चांगला असतो, वाट लागते ती घरी आल्यावर. दर वेळी त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

काम न ठरवता मशीन उचलू नका. "घेऊन तर ठेवू, काहीतरी उपयोग होईलच" म्हणून आणलेला सीपीयू महिन्याभरात पलंगाखाली जातो. पोरांना टायपिंग आणि स्क्रॅच (मुलांसाठीचं सोपं प्रोग्रामिंग) शिकवायचंय, घरातले सगळे फोटो एका जागी ठेवायचेत, आईला टीव्हीवर कीर्तनं लावून द्यायचीत, यातलं एक काम धरा आणि तेवढंच नीट करा.

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. जुन्या मशीनमधल्या जुन्या हार्ड डिस्कवर घरचा एकुलता एक डेटा ठेवणं. पंचवटीतल्या एका काकांनी ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप घेतला, घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो त्यात टाकले आणि जागा करायला मोबाईलमधले डिलीट केले. "बॅकअप आहे की" म्हणायचे. अहो, एकच कॉपी असेल तर तो बॅकअप कसला? काही महिन्यांनी मशीन रखडायला लागलं, फोल्डर उघडायला मिनिट मिनिट लागायचं. भाच्याने यूट्यूबवर व्हिडिओ बघितला आणि रात्रभर चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, लावून ठेवलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं की ती डिस्क सगळीकडे पुन्हा पुन्हा वाचली जाते, वर त्याच डिस्कवर दुरुस्तीचं लिखाणही होतं. सकाळी आतून टक टक आवाज. मग दिवसभर बंद-चालू, बंद-चालू. ती डिस्क माझ्याकडे आली तेव्हा लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, बरंचसं मिळालंही, पण नातीच्या बारशाचं फोल्डर गेलं ते गेलंच. काकू काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बघवत नव्हता.

म्हणून माझी सवय सांगतो. जुनं मशीन हातात आलं की नवं विंडोज-बिंडोज टाकणं नंतर, आधी क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा विंडोजवरचा प्रोग्राम. रिअलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) यांच्यासमोर रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्याशिवाय दुसरं काही दिसलं की ती डिस्क माझ्यासाठी संपली, मग विकणारा काहीही म्हणो. डेटा नव्या डिस्कवर, आणि त्याची दुसरी कॉपी एका एक्स्टर्नल डिस्कवर जी एरवी कपाटात बंद असते. आणि डिस्क टकटक करायला लागली तर पहिल्यांदा मशीन बंद करा. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, आत दव धरतं.

स्लो आहे म्हणून आधी रॅम घेऊ नका. चार जीबी असेल तर पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा. कोअर टू ड्युओच्या (इंटेलचा जुना प्रोसेसर) मशीनला साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, जुनी असते, एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही, तरी फरक डोळ्याला दिसतो. रॅम घेतलीच तर डीडीआर २ आहे की ३ ते खोलून बघून घ्या, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही आणि दाबून बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जो तो जुगाड करून ११ टाकायला बघतोय. कोअर टू ड्युओवर ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही, प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. मी सरळ लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकतो. आणि जुनं आहे म्हणून ३२-बिट शोधत बसू नका, कोअर टू ड्युओ ६४-बिटच आहे.

वेबसाइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची एरर येते, म्हणून लोक अख्खं विंडोज पुन्हा टाकतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा! ती पंधरा वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. सेल बदला, तारीख लावा, झालं काम. घाईच्या लोकांना एवढं बघायलाही धीर नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, आणि धूळ गॅलरीत काढा, घरात नको.

चोवीस तास चालू ठेवायचं असेल, म्हणजे फोटोंचा सर्व्हर किंवा जाहिराती अडवणारं पाय-होल, तर डेस्कटॉप नको. साठ वॅट धरले तरी महिन्याला ४३ युनिट होतात, आणि घरचा वापर शंभर युनिटच्या आसपास असेल तर पुढच्या स्लॅबचा दर लागतो. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप घ्या, पंधरा-वीस वॅटमध्ये भागतं आणि लाइट गेली तर बॅटरी थोडा वेळ तग धरते. फक्त टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलीये, ती आधी काढा. डेस्कटॉपच ठेवणार असाल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' ऑन करा, म्हणजे लाइट आली की मशीन आपोआप चालू होतं, तुम्ही तेव्हा ऑफिसात असलात तरी.