गणिताची वही स्वच्छ, पण मूल गोंधळलेले: या चुका टाळा

गणिताच्या वहीतील पहिली चूक फळ्यापासून सुरू होते. सोडवलेले उदाहरण मुले उतरवून घेतात, वही भरते, पानोपानी बरोबरची खूण होते आणि तेच उदाहरण आकडे बदलून दिले की मूल अडते. म्हणून नमुन्याचे उदाहरण सोडवून झाल्यावर फळा पुसावा आणि मगच वह्या उघडायला सांगाव्यात.

दुसरी चूक खोडरबराची, आणि माझ्या मते सर्वांत महागडी. तिसरीतील एका मुलीने ४०३ − १७८ याचे उत्तर ३७५ लिहिले होते. ते खोडून २२५ लिहायला लावले असते तर पान स्वच्छ दिसले असते. पण ३ मधून ८ जात नाहीत म्हणून तिने ८ मधूनच ३ वजा केले आणि दशकाच्या घरातही तसेच केले, हे कधीच कळले नसते. काड्यांचा शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा गठ्ठे तिने स्वतः बांधले, त्याचे चित्र वहीत काढले, तेव्हा शून्यापुढचा अडसर सुटला. चुकीवर एक आडवी रेघ मारावी आणि दुरुस्ती शेजारी करावी.

‘पंचवीस’ ऐकून ५२ किंवा ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणे हा निष्काळजीपणा नसतो, कारण मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि एकोणसाठमध्ये तर ‘साठ’च ऐकू येते. (दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन दिल्यावरून २०१९ मध्ये झालेला वाद आठवत असेलच.) दहा वेळा लिहून घेण्याऐवजी संख्येशेजारी ५० + ९ अशी फोड लिहून घ्यावी.

उत्तराआधी अंदाजाची ओळ नसणे हीसुद्धा चूकच. केळीच्या घडाला ९ फण्या, प्रत्येक फणीत १६ केळी, तर एकूण किती? हातचा न मिळवता ५४ च्या डावीकडे ९ लिहून ९५४ हे उत्तर येते. ‘फणीत वीस धरली तरी १८०’ एवढे आधी लिहिले असेल, तर केळीच्या बागेत वाढलेले रावेरचे मूल स्वतःच थांबते.

गणिताच्या वहीत शुद्धलेखन मात्र तपासू नये. अमळनेरकडच्या मुलाने समासात ‘माले आठे समजनं नही’ (मला इथे समजले नाही) असे अहिराणीत लिहून बाण काढला असेल, तर दुसऱ्या दिवशीचा तास त्या बाणापासून सुरू करावा.