मलाशयाच्या कॅन्सरचा एमआरआय : चिठ्ठीवर काय हवं, रिपोर्टात काय पाहावं

कॅन्सर पुन्हा कधी उलटेल, हे एमआरआय सांगत नाही. गाठ कुठवर पोचली आहे आणि ऑपरेशनमध्ये ती पूर्ण निघेल का, एवढं तो दाखवतो. पुढचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. म्हणून स्कॅन नीट निघणं महत्त्वाचं.

ठाण्यात काय, वाशीत काय, सेंटरना तोटा नाही. पण नुसता ‘पेल्व्हिसचा (ओटीपोटाचा) एमआरआय’ सांगितला तर बहुधा जाड कापांचा सर्वसाधारण स्कॅन हाती येतो आणि पैसे वाया जातात. चिठ्ठीवर ‘हाय रिझोल्यूशन एमआरआय रेक्टम, रेक्टल कॅन्सर प्रोटोकॉल’ असं लिहून घ्या. नंबर लावतानाच विचारा : टी-टूचे (गाठ आणि भिंत स्पष्ट दाखवणाऱ्या मुख्य चित्रांचे) काप ३ मिमी किंवा त्याहून पातळ असतात ना? आणि गाठीच्या अक्षाला काटकोनात घेतात ना? कोन चुकला तर भिंतीची कड पुसट दिसते आणि गाठ बाहेरच्या चरबीत घुसल्याचा भास होतो. कॉन्ट्रास्ट इंजेक्शन यासाठी सहसा लागत नाही. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट मात्र बरोबर हवाच, कारण छोटी गाठ नेमकी कुठे शोधायची हे त्यावरून कळतं.

मलाशयात गॅस असेल तर डिफ्युजनची (पेशींमधल्या पाण्याच्या हालचालीवरून गाठ दाखवणारी) चित्रं वेडीवाकडी येतात. आधी छोटा एनिमा घ्यावा का, ते सेंटरला विचारा. आतड्याची हालचाल थांबवायला इंजेक्शन देणार असतील तर काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असल्यास आधीच सांगा. पेसमेकरचं तर सांगायलाच हवं.

रिपोर्ट आला की आधी ‘सीआरएम’ शोधा. मलाशयाभोवती चरबी असते आणि तिच्यावर पातळ पडदा. सर्जन हे सगळं एकसंध काढतो. सीआरएम म्हणजे या कापाची बाहेरची कड. गाठ त्या पडद्यापासून १ मिमी किंवा त्याहून जवळ असेल, तर त्याच जागी पुन्हा गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि ऑपरेशनआधी रेडिएशन-केमोचा विचार होतो. ‘ईएमव्हीआय पॉझिटिव्ह’ म्हणजे गाठ भिंतीबाहेरच्या शिरेत शिरली आहे. तिथे चिंता यकृत-फुप्फुसाची जास्त. ते बघायला वेगळा सीटी लागतो. गाठ भिंतीबाहेर ५ मिमीच्या पुढे गेली असेल किंवा कमरेच्या बाजूच्या भिंतीलगतची लसिकाग्रंथी तिच्या अरुंद बाजूने मोजून ७ मिमी किंवा मोठी असेल, तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणा. एरवी ग्रंथीच्या नुसत्या आकारावर विसंबू नये. लहान ग्रंथीतही कॅन्सर असतो आणि मोठी निव्वळ सुजलेलीही असते.

रिपोर्टात फक्त ‘टी-३, एन-१’ (गाठ किती खोल आणि ग्रंथींत किती पसरली, याची पायरी) एवढंच असेल तर तो अपुरा आहे. सीआरएम आणि ईएमव्हीआय लिहून द्या, असं रेडिओलॉजिस्टला सांगायला संकोच कसला?

रेडिएशन-केमोनंतरचा स्कॅन घाईने काढू नका. साधारण ६ ते ८ आठवडे जाऊ द्यावे लागतात. आधी काढला तर गाठ अजून आटतच असते. जमल्यास त्याच मशीनवर काढा आणि जुनी सीडी समोर ठेवायला सांगा. ‘एमआरटीआरजी’ ही उपचाराला गाठीने दिलेल्या प्रतिसादाची श्रेणी : १ म्हणजे उत्तम प्रतिसाद, ५ म्हणजे जवळजवळ नाहीच. पण गाठ आटून उरलेल्या व्रणाच्या काळ्या पट्ट्यात उरलेल्या थोड्या पेशी एमआरआयला दिसत नाहीत. म्हणून बोटाने तपासणी आणि स्कोपी चुकवू नये, विशेषतः ऑपरेशन टाळून नुसती देखरेख चालली असेल तर. गाठ पुन्हा वाढलीच तर बहुतेकदा पहिल्या २ वर्षांत वाढते.

दुसरं मत घ्यायला खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटाचंच केंद्र) किंवा परळच्या टाटा रुग्णालयाला जाणार असाल तर फिल्मवर भागवू नका. डायकॉम फाइल्सची (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) सीडी घ्या आणि ती उघडते का, हे सेंटरमधून निघण्याआधीच बघा.