चेक इंजिनचा दिवा लागला तर: जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) ‘पी ०१३५’ दिसला, की ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायची घाई होते. तो कोड एवढंच सांगतो की सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. फ्यूज उडालेला असेल, कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी गेलं असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात, त्यामुळे हे शेवटचं कारण आपल्याकडे फार सापडतं. म्हणून पार्ट विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावा.

आधी दिव्याची भाषा. चावी ‘ऑन’ केल्यावर, इंजिन सुरू नसताना, दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा मुद्दाम काढलाय. सेकंडहँड गाडी घेताना हे न चुकता बघा. दिवा सतत लागून गाडी नीट चालत असेल तर घरापर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात आहे. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा डबा) पेटतं आणि आतली जाळी वितळते. अशा वेळी रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. कोड तर जातोच, शिवाय बिघाडाच्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम आणि लोड किती होता याची नोंदही पुसली जाते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावून हे सगळं आधी लिहून घ्या. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (बिघाडाचे कोड वाचायची सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पद्धत) एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट असतं, पण बरेचदा त्या त्या कंपनीचा स्कॅनरच लागतो. अगदी स्वस्त नकली अडॅप्टर बरेचदा जुन्या गाड्यांच्या के-लाइनवर (स्कॅनरशी बोलायची जुनी वायर) बोलतच नाहीत. तेव्हा ‘कनेक्ट होत नाही’ म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असं समजू नका.

मग बॅटरी. बंद गाडीत सुमारे १२.५ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.५. याहून कमी असेल किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. ते आधी निस्तरा.

नेहमी भेटणारे कोड पी ०३०० ते ०३०४, म्हणजे मिसिंग. शेवटचा आकडा सिलिंडरचा, शून्य असेल तर मिसिंग एकाच सिलिंडरचं नाही. पी ०३०२ आला आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) असेल, तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, कोड पुसा आणि १०-१५ किलोमीटर चालवा. आता पी ०३०३ आला तर कॉइलच खराब. तसं झालं नाही तर तीच अदलाबदल प्लगची करा. प्लग थंड इंजिनवरच काढा आणि बसवताना पहिले आटे हाताने फिरवा. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की खर्च मोठा. प्लग-कॉइल ठीक निघाले तर इंजेक्टर, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. एक सिलिंडर इतरांपेक्षा स्पष्ट कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनची रिंग खराब, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

सीएनजी किट लावलेल्या गाडीत एक वेगळी खूण आहे. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल पेट्रोलवर निभावतात, गॅसवर झटके मारतात. दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा, झटके थांबले तर आधी प्लग आणि कॉइल तपासा. किट उघडायची वेळ बहुतेकदा येत नाही.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. लाइव्ह डेटामध्ये शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बेरीज करा. १० टक्क्यांपर्यंत चालतं. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर आकडा मुळातच थोडा वर सरकतो. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय: चिरलेला व्हॅक्यूम पाइप, मॅनिफोल्डचं गॅसकेट, पीसीव्ही पाइप (इंजिनच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा). उलट रेस केल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर आणि पंपाचं प्रेशर तपासा. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाड्यांत मात्र गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडलिंग चढलेलं दिसतं. गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते. साबणाचं पाणी पुरतं.

पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आला की नवा कन्व्हर्टर सांगितला जातो, आणि तो महाग असतो. आधी सायलेन्सरची गळती आणि मिसिंग दूर करा. मग गरम इंजिनवर २५०० आरपीएमला कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास स्थिर हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तरच कन्व्हर्टर संपला.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, थंड इंजिन सुरू करून पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोड बघा. बरेच बिघाड दिवा लागण्याआधी तिथे दिसतात.