पाऊल बाहेर वळलंय? आधी गुडघ्याची वाटी बघा

मसाज शिकायला लागले त्या पहिल्या वर्षी एका कॅबवाल्या काकांचा उजवा कुल्ला मी तीन वेळा मनापासून रगडला. उताणे झोपले की त्यांचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा जास्त बाहेर पडायचं. त्यात दिवसभर पाय अॅक्सिलरेटरवर. म्हणजे पिरिफॉर्मिस, कुल्ल्यात खोलवर असलेला मांडी बाहेर वळवणारा स्नायू, आखडलाय, असं मी ठरवूनच टाकलं होतं. फरक काही पडेना. चौथ्या वेळी आमच्या शिकवणाऱ्या ताईंनी टॉवेल सारला आणि वाटीवर बोट ठेवलं. वाटी सरळ छताकडे! वळण खुब्यात नव्हतंच, गुडघ्याखाली नडगीच्या हाडात होतं. ते अंगठ्याने कसं सुटणार?

तेव्हापासून आधी वाटी बघते. तीही बाहेर वळलेली असेल तर पालथं झोपवून गुडघा 90 अंशांत दुमडायचा, एक हात माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर ठेवायचा म्हणजे कंबर उचलली जात नाही, आणि नडगी दोन्हीकडे न्यायची. इथे हमखास गोंधळ होतो: पाऊल बाहेर गेलं की मांडी आत वळते. हे मी तळहातावर पेनाने लिहायचे, पहिल्याच मसाजला तेलाने पुसलं जायचं. दोन्हीकडे साधारण 40 अंश ठीक, पण मी आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक बघते. शेवटी रबरासारखा ताण लागला तर स्नायू. खटकन अडलं किंवा जांघेत दुखलं तर फिजिओकडे पाठवा. आणि पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड होऊन बाहेर वळला असेल तर हातच लावू नका, खुबा मोडलेला असू शकतो.

मांडी आत वळायला कुरकुरत असेल तर कुल्ल्यावर मऊ मूठ टेकवून, घोटा धरून नडगी सावकाश झुलवते. दाब थोडा, हालचाल जास्त. पिरिफॉर्मिसच्या खालून सायटिक नस जाते, त्यामुळे मुंग्या आल्या की मूठ लगेच हलवायची. मग पाऊल बाहेर नेऊन थांबते, "हलकेच आत ढकला" म्हणते, पाच-सहा सेकंद हाताने अडवते. सैल सोडलं की पाऊल आणखी थोडं बाहेर जातं. दोन-तीनदा करून पुन्हा मोजते.

काकांची पुढे फक्त पोटरी आणि तळपाय केला. पाऊल आहे तसंच बाहेर आहे, पण संध्याकाळी पाय कमी भरून येतात म्हणतात.