शिकवण तपासावी, मंडळी फोडू नये

‘हे खोटं शिक्षण आहे’ अशी तक्रार मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीपुढे आली की पहिलं काम एकच: ज्या वाक्याबद्दल तक्रार आहे ते वाक्य कागदावर उतरवून घ्या. कोण बोललं, कुठे बोललं (उपासनेत, घरच्या प्रार्थनासभेत, की व्हॉट्सॲपवर), कोणत्या तारखेला, आणि नेमके शब्द काय होते. ‘ते काहीतरी भलतंच शिकवतात’ याला तक्रार म्हणत नाहीत. ती परत पाठवा. ‘ज्याला अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने बोललेली अनोळखी भाषा) येत नाहीत त्याचं तारण झालेलं नाही’, ही तक्रार झाली. मग ज्याचं वाक्य त्यालाच ते वाचून दाखवा आणि विचारा, तुम्ही असंच म्हणालात का? बरीच भांडणं इथेच मिटतात. ऐकणाऱ्याने अर्धंच ऐकलेलं असतं, नाहीतर बोलणाऱ्याची जीभ घसरलेली असते.

तीन ढीग

वाक्य कायम राहिलं तर ते कोणत्या ढिगात पडतं ते ठरवा.

पहिला ढीग विश्वासाच्या मुळाचा: देव कोण, येशू कोण, तारण कशाने, मेलेल्यांचं पुनरुत्थान आहे की नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार (उपासनेत म्हणतात ते विश्वासाचं छोटं निवेदन) समोर ठेवा आणि एकेक ओळ वाचत जा. तक्रारीतलं वाक्य खरं मानलं तर यातली एखादी ओळ खोडावी लागते का? लागत असेल तर प्रकरण पहिल्या ढिगातलं. एवढ्यावर थांबू नका, कारण गलतीकरांस पत्रात प्रेषित पौल ज्यांच्यावर तुटून पडला ते ख्रिस्ताला नाकारत नव्हते. ख्रिस्त हवाच, पण सुंताही हवी, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारा: तारणासाठी येशूच्या जोडीला हे आणखी काय मागतात? विशिष्ट दिवस, विशिष्ट आहार, विशिष्ट अनुभव, विशिष्ट मंडळीचं सभासदत्व, यांपैकी काहीही जोडलेलं सापडलं तरी तो पहिलाच ढीग.

दुसऱ्या ढिगात पंथापंथांमधले फरक येतात: बाप्तिस्मा बाळपणी की जाणतेपणी, शिंपडून की बुडवून, बिशप असावेत की नसावेत. हे फरक किरकोळ नाहीत, पण त्यांच्यासकट एकत्र राहता येतं. याचा दाखला आपल्याच घरात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि जाणत्या विश्वासणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. बोलणी १९२९ पासून, म्हणजे चाळीस वर्षं चालली. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य. चर्चेत शेवटपर्यंत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. तिला कोणी पाखंडी ठरवलं नाही. दुसऱ्या ढिगातला वाद असाच हाताळायचा असतो: पद्धत लिहून ठेवा आणि ज्या पाळकाचं मन एखाद्या विधीला तयार नाही त्याच्यावर जबरदस्ती न करता शेजारचा पाळक बोलवा.

तिसरा ढीग सवयींचा. पेटी-तबला की कीबोर्ड, ना. वा. टिळकांची भजनं की हिंदी कोरस, डोक्यावर पदर, चपला दाराबाहेर. सवयींवरून भावाला दोष लावू नका असं सांगणारा रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचा आणि विषय संपवा. आपल्याकडे जास्तीत जास्त आवाज याच ढिगावरून चढतो, हे मात्र खरं.

एक प्रकरण सवयीच्या ढिगात दिसतं पण तिथलं नसतं, ते म्हणजे पंगत. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेकडची माणसं आली तसा तो उठून वेगळा बसला. तोंडाने त्याने एक शब्दही चुकीचा शिकवला नव्हता. तरी पौलाने सर्वांसमोर त्याला धरलं, कारण त्या उठून जाण्याने शुभवर्तमानच बदलत होतं. म्हणून मंडळीत जुन्या जातीप्रमाणे बाकं ठरलेली असतील किंवा प्रभुभोजनाला अमुक घराण्याने आधी जायचा रिवाज असेल, तर ‘आमची जुनी पद्धत’ म्हणून सोडून देऊ नका. हे पहिल्या ढिगातलं आहे.

वारंवार येणाऱ्या शिकवणी

औषध सोडायला सांगणारी शिकवण सर्वांत घातक, कारण तिथे चर्चेला वेळ नसतो. मधुमेहाच्या रुग्णाने विश्वासाने इन्सुलिन बंद केलं असं कळलं तर त्याच दिवशी दोघांनी घरी जा, डॉक्टरांना फोन करा, वाद नंतर घाला. टाइप १ च्या रुग्णाला इन्सुलिनविना एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकतं. साध्या क्षयरोगाची औषधं सहा महिन्यांची असतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, रुग्ण ‘बरा झालो’ म्हणून साक्ष देतो आणि गोळ्या टाकून देतो. मग जंतू औषधाला जुमानत नाहीत आणि घरातल्या मुलांनाही तोच हट्टी क्षय लागू शकतो. शास्त्र काय म्हणतं ते दाखवायला तीन वचनं पुरतात: लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे (१ तीमथ्य ५:२३), आणि त्रफिमाला पौल मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). ज्याच्या हातून इतके बरे झाले त्याचा सोबतीच आजारी राहिला, आणि पौलाने त्रफिमाच्या विश्वासाला बोल लावलेला नाही. बरं झाल्याची साक्ष माइकवर द्यायची असेल तर आधी डॉक्टरांचा कागद पाहा. येशूनेही शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाला दाखवायला धाडलं होतं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘अभिषिक्त’ म्हणून विकलं जाणारं तेल आणि रुमाल ही गंड्यादोऱ्याचीच भावंडं.

पैशाचं ‘बी’ पेरायला लावणारी शिकवण बहुधा शंभरपटीच्या वचनावर उभी असते. उपाय सोपा: ते वचन शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावा. मार्क १०:३० मध्ये शंभरपट घरं आणि शेतं आहेत, त्यांच्यासोबत छळही आहे, आणि ते सगळं सोडून निघालेल्यांना सांगितलेलं आहे, गुंतवणूक करणाऱ्यांना नाही. पडद्यावर दाखवलेला क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा की वक्त्याच्या स्वतःच्या, हेही बघून घ्या.

येशू ही देवाची पहिली निर्मिती, असं सांगत कोणी दारात आलं तर कलस्सै १:१५ मधला ‘ज्येष्ठ’ हा शब्द पुढे करतात. चौथ्या शतकात आरियस या धर्मशिक्षकाचंही म्हणणं याच वळणाचं होतं, आणि त्यावरच ३२५ साली बिशपांची निकीयाची परिषद भरली. उत्तर स्तोत्र ८९:२७ मध्ये आहे. तिथे देव दाविदाला ‘ज्येष्ठ करीन’ म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. म्हणजे ज्येष्ठ हा मान झाला, जन्माचा क्रम नव्हे. लगेच पुढचं वचन वाचा: सर्व काही त्याच्यामध्ये निर्माण झालं. जो सर्व काही निर्माण करतो तो त्या ‘सर्वां’त कसा मोजायचा?

याच्या उलट टोकाला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच व्यक्तीचे तीन वेश, असं शिकवणारे भेटतात. त्यांना यार्देन नदीवर, येशूच्या बाप्तिस्म्याला न्या (मत्तय ३:१६-१७): पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा उतरतोय, पिता आकाशातून बोलतोय, सगळं एकाच क्षणी. एक अडचणीची गोष्ट इथेच सांगितलेली बरी. संडे स्कूलमध्ये त्रैक्य (एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) समजावताना बर्फ-पाणी-वाफ हा दाखला सर्रास देतात. तेच पाणी कधी बर्फ, कधी वाफ. म्हणजे तीन वेशांचीच शिकवण, जी तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने मंडळीने नाकारली. बाहेरच्याला दोष देण्याआधी हा दाखला आपल्या वहीतून काढा. मुलांना यार्देनेचं चित्र रंगवायला द्या, पुष्कळ झालं.

येशूच्या पुनरागमनाची तारीख सांगणाऱ्याशी लांब चर्चा नको. विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली आणि दिवस मावळला. पण ‘अमक्यांचं भाकीत खरं ठरलं’ म्हणून कोणी भारावून आलं तर बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १३ वा अध्याय काढा. चिन्ह खरं झालं तरी शिकवण दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका, असं तिथे स्पष्ट आहे.

बाहेरचा वक्ता

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमपुस्तिकेत फिरत्या प्रेषिताबद्दल नियम आहेत: प्रभूसारखं स्वागत करा, एक दिवस राहू द्या, गरज असली तर दोन, तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. नियम कडक वाटतो, पण तो करणाऱ्यांना फसवले जाण्याचा अनुभव असावा.

आजची कृती अशी. वक्त्याच्या स्वतःच्या मंडळीच्या पाळकाचं पत्र घ्या आणि त्या पाळकाला फोन करा. पत्र कोणीही छापतं. शास्त्रपाठ आणि विषय आठ दिवस आधी मागा. वेळ तीस-चाळीस मिनिटं ठरवून सांगा. प्रवासखर्च आणि मानधन आधीच ठरवा आणि खजिनदाराने पावती घेऊन द्यावं, म्हणजे व्यासपीठावरून वेगळं अर्पण मागायचं कारण उरत नाही. तेल, पाणी, पुस्तकं विकायची नाहीत. उपासनेभर आपला पाळक किंवा एक वडील (मंडळीने नेमलेला ज्येष्ठ सभासद) समोर बसलेला असावा. संदेश बिघडलाच तर मध्येच माइक हिसकावू नका. शेवटच्या प्रार्थनेआधी उठून शांतपणे म्हणा, ‘आज अमुक मुद्दा आला, त्यावर आपल्या मंडळीचा विश्वास असा आहे, बुधवारी यावर बसू.’ आणि बुधवारी खरंच बसा.

व्यासपीठावर इतका पहारा असला तरी चुकीची शिकवण बहुधा तिथून येत नाही. घरच्या प्रार्थनासभेतून आणि फोनवरच्या क्लिपमधून येते. त्या सभा बंद पाडू नका, बंद केल्या की त्या लपून भरतात. महिन्यातून एकदा वडिलांपैकी कोणीतरी चटईवर जाऊन बसा आणि सर्वांना एकच शास्त्रपाठ द्या.

समज देण्याचा क्रम

पौलाच्या काळातला अपुल्लो हा उपदेशक आवेशाने बोलत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात टोकलं नाही. आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. पहिली भेट तशीच ठेवा: आठवड्याच्या आत, त्यांच्या किंवा तुमच्या घरी, चहा घेत, दोघंच. शास्त्र उघडा, फोन उलटा ठेवा. दुसरी भेट दोन-तीन आठवड्यांनी, आणखी एक-दोन साक्षीदारांसह. झालेलं बोलणं कार्यवृत्तात लिहा. तीताच्या पत्रात (३:१०) फुटी पाडणाऱ्याला एक-दोनदा बोध करायला सांगितलं आहे. त्यानंतर शिकवण्याची जबाबदारी काढा. सभासदत्व लगेच काढू नका. गोंधळलेला आणि गोंधळ पेरणारा यांत फरक आहे, आणि यहूदाच्या पत्रात संशयात पडलेल्यांवर दया करायला सांगितलं आहे.

मंडळीला सांगायचं तर अर्ध्या पानाचं निवेदन पुरे: कोणती शिकवण, आपण काय मानतो, वचनं कोणती. विशेषणं नकोत. यरुशलेमेच्या सभेने (प्रेषितांची कृत्ये १५) पत्र धाडलं तेव्हा सोबत यहूदा आणि सीला यांना पाठवलं, तोंडी सांगायला. नुसता कागद ग्रुपवर टाकला तर त्याचे चार अर्थ निघतात. ग्रुपमध्ये वाद पेटला तर ॲडमिनने ‘रविवारी बसून बोलू’ एवढंच लिहावं.

आणि एक धोका कमिटीकडूनच. निवडणूक जवळ आली किंवा ट्रस्टच्या जमिनीचा वाद असला की ‘खोटं शिक्षण’ हा शब्द विरोधकावर फेकायला सोपा जातो. आरोपी आणि आरोप करणारा हिशोबाच्या वादातही समोरासमोर असतील तर शिकवणीची चौकशी आपल्यात करू नका. शेजारच्या मंडळीतले दोन वडील बोलवा. शेजाऱ्यांशी ओळख आयत्या वेळी होत नसते. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. एका संध्याकाळी त्यांच्याकडे, एका संध्याकाळी आपल्याकडे, इतकं तरी करा.

परत आलेल्याचं काय? करिंथात शिक्षा झालेल्याला पौल क्षमा करायला आणि धीर द्यायला सांगतो, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल म्हणतो. माइकवर उभं करून कबुली वदवून घेऊ नका. वर्ग शिकवायला सहा महिने तरी देऊ नका, पण सतरंज्या उचलायला, वाढायला पहिल्याच रविवारी बोलवा. आणि त्या दिवशी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू नये म्हणून एका वडिलाने आधीच तिथे जाऊन बसावं.